ऐकणाऱ्याची सही

"गेला का?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"कोण?"

"कोण ते तुला ठाऊक आहे."

मी फाटकाकडे पाहिलं. पावणेआठ झाले होते. डिसेंबर असूनही छत्री काखेत मारून शिंत्रेकाका रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे होते आणि सुतारांच्या कुत्र्याशी काहीतरी बोलत होते.

"कुत्र्याशी बोलतायत."

"कुत्र्याशी नाही. मी बसलोय का नाही ते बघतोय." बाबांनी वहीच्या पुठ्ठ्यावर कॅलेंडरचं जुनं पान ताणून बसवलं. "आठ महिने झाले, रोज थांबतो. पूर्वी कधी थांबला? सरळ आत यायचा, चहा पिऊन जायचा. चिकटपट्टी दे."

मी तुकडा तोडून दिला. काका निघून गेले. कुत्रं त्यांच्यामागे चार पावलं गेलं आणि परत आलं.

"त्या कुत्र्यालापण फितवलंय," बाबा म्हणाले.

आतून आई म्हणाली, "आता कुत्र्यावर संशय घ्यायचा तेवढा राहिला होता."

तो शुक्रवार होता. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मी चार दिवसांची रजा काढून पुण्याहून कळंबोशीला आले होते, खास कारण काहीच नव्हतं. पुढे कितीतरी दिवस मी त्या सकाळीत काही खूण सापडते का ते शोधत राहिले. बाबांनी पोहे टाकले नव्हते, जिना चढताना ते थांबले नव्हते, छातीवर हात ठेवला नव्हता. ते फक्त वहीला कव्हर घालत होते.

ती वही रुग्णालयाची होती, म्हणजे खरं तर बाबांचीच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले तेव्हा गावातल्या ट्रस्टच्या रुग्णालयानं त्यांना बोलावून घेतलं. एकोणीस कॉम्प्युटर होते आणि ते सांभाळायला कुणी नव्हतं. बाबा कॉम्प्युटर कधी शिकले नव्हते. पुस्तकं मागवून, दोन मशीनं बिघडवून आणि तीन सुधारून ते शिकले. प्रयोगशाळेत रघुनाथ शिंत्रे होते, बाबांचे शाळेपासूनचे मित्र. कळंबोशीत त्या दोघांना वेगळं कुणी ओळखत नसे. पाटगावकर दिसले की शिंत्रे कुठे आहेत असं लोक विचारायचे.

त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीत बाबा मला हौसेनं रुग्णालय दाखवायला घेऊन गेले होते. प्रत्येक मशीनवर त्यांनी एक छोटी यादी लिहून ठेवली होती, एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला नंबर. मशीनं एकमेकांना नंबरानं ओळखतात आणि माणसं मशीनांना नावानं. मधे कुणीतरी सांगावं लागतं, की अमुक नावाचा नंबर अमुक. बहुतेक ठिकाणी हे सांगायला एक वेगळं मशीन नेमलेलं असतं, आणि बाकीची मशीनं दर वेळी त्याला विचारतात. बाबांची मशीनं आधी स्वतःजवळची यादी बघायची, त्यात नसेल तरच बाहेर विचारायची.

"हे जुनं झालं, बाबा," मी म्हणाले होते. "हातानं लिहिलेलं तेवढं चुकतं. एखादा नंबर बदलला की एकोणीस ठिकाणी जाऊन बदलणार?"

"बदलणार की. पाय आहेत मला."

"आणि एखाद्या ठिकाणी राहिला तर?"

"तर रघू आहे."

शिंत्रेकाका सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाले, "मी आहे म्हणून तर ह्याचं चाललंय, बाळ. नाहीतर ह्याला स्वतःच्या घरचा नंबर पाठ नव्हता. मी सांगितलाय."

मग बाबांनी मला एक्स्चेंजमधल्या काचेखालच्या कार्डाची गोष्ट सांगितली. ती मी लहानपणापासून ऐकत आले होते. पूर्वी कुणाचा नंबर हवा असला की चौकशीला फोन लावावा लागे, आणि चौकशी बसायची कोल्हापुरात. घाटात खांब पडला की कोल्हापूर बंद. एकदा पहाटे एक माणूस बायको अडली म्हणून एक्स्चेंजात धावत आला होता. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे, तिथली तार धड, डॉक्टर घरात. नंबर तेवढा कुणाला ठाऊक नव्हता, आणि तो विचारायचा तर कोल्हापूर लागत नव्हतं. त्यानंतर बाबांनी गावातले चाळीस नंबर कार्डावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले.

"शेजाऱ्याचा नंबर विचारायला कोल्हापूरला जायचं नाही," असा त्या गोष्टीचा शेवट ठरलेला असे.

आणि ते कार्ड चुकू नये म्हणून एक्स्चेंजात एक रीत होती. दर महिन्याला एकजण वाचायचा, दुसरा ऐकायचा. वाचणाऱ्यानं नाव आणि नंबर मोठ्यानं म्हणायचा. ऐकणाऱ्यानं तो प्रत्यक्ष लावून बघायचा आणि लागला तर "हाय" म्हणायचं. दोघांच्या सह्या. बाबांनी ती रीत जशीच्या तशी रुग्णालयात आणली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी ते वही घेऊन वाचायला बसत आणि शिंत्रेकाका एकेका मशीनपुढे जाऊन ओरडत, "हाय." पेशंट हसायचे. सिस्टर लोबो म्हणायच्या, पहिला शुक्रवार चर्चचा आणि पाटगावकरांचा. वहीत चार रकाने होते. नाव, नंबर, वाचणारा, ऐकणारा. पहिली ओळ नेहमी त्या मशीनच्या स्वतःच्या नावाची. "आधी स्वतःचं नाव स्वतःला ठाऊक पाहिजे," बाबा म्हणत. प्रयोगशाळेच्या मशीनचं नाव त्यांनी 'रघू' ठेवलं होतं.

मार्चमध्ये हे सगळं बंद झालं.

ट्रस्टनं पुण्याच्या एका कंपनीला काम दिलं. याद्या पुसल्या गेल्या आणि नावं सांगायचं काम पुण्यातल्या एका मशीनकडे गेलं. इंटरकॉमसुद्धा त्याच्यावरच बसवला. एवढंच झालं असतं तर बाबांनी चार दिवस कुरकुर करून सोडून दिलं असतं. पण त्याआधी ट्रस्टकडे कुणाचं तरी एक पत्र आलं होतं. त्या पत्रावरून तिघा विश्वस्तांनी बाबांना बोलावून समोर बसवलं आणि विचारलं, कुणाकुणाचे रिपोर्ट तुम्ही कुठे वळवलेत? बाबांना आधी प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. चौकशीत काही निघालं नाही. 'आपण आता विश्रांती घ्यावी' असं ट्रस्टनं तोंडी कळवलं.

"ह्या याद्या दोघांनाच ठाऊक," बाबा त्या शुक्रवारीही म्हणाले. आठ महिन्यांत ते हे किती वेळा म्हणाले असतील याची गणती नव्हती. "वाचणारा मी, ऐकणारा तो. मी तर लिहिलं नाही. मग तिसरा कोण?"

"असेल कुणीतरी," आई म्हणाली. "सिस्टर असतील. तो कंपनीवाला असेल."

"कंपनीवाल्याला यादी म्हणजे काय ते मी दाखवल्यावर कळलं. नाही. ज्यानं लिहिलं त्यानं आत बसून बघितलंय. पत्रातलं वाक्य ऐकशील?"

"पाठ झालंय मला," आई म्हणाली आणि आत गेली.

मलाही ते पाठ होतं. मार्चमधल्या एका रविवारी, मी नेहमीसारखा फोन केला तेव्हा, बाबांनी ते मला पहिल्यांदा म्हणून दाखवलं होतं. विश्वस्तांनी त्यांच्यापुढे वाचलेलं ते एकच वाक्य त्यांनी अक्षर न चुकता लक्षात ठेवलं होतं. "ज्याच्या हातात ही यादी आहे, तो कोणतंही नाव मनाला येईल तिकडे वळवू शकतो, आणि ते कुणाला कळणारही नाही."

मी फोन कानाला धरून गॅलरीत उभी होते. वाक्य संपायच्या आत मी ते ओळखलं. ते माझं होतं.

जानेवारीत ट्रस्टच्या सचिवांचा, नेसरीकर वकिलांचा, मला फोन आला होता. "तू ह्याच क्षेत्रातली, गावची मुलगी. आपल्याकडच्या व्यवस्थेत काय उणं आहे ते दोन पानांत लिहून दे. मराठीत दे, विश्वस्तांना वाचता आलं पाहिजे." मला बरं वाटलं होतं, ते मी नाकारणार नाही. ऑफिसात बसून अर्ध्या तासात मी लिहून टाकलं. बाबांचं वय झालंय, त्यांचे जिने तरी वाचतील, असं मी स्वतःला सांगितलं. कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेल्या त्या वहीची मला थोडी लाजही वाटत होती. यादी चुकीच्या हातात पडली तर काय होऊ शकतं, हा मुद्दा कुठल्याही अहवालात असतो. तो मी लिहिला. तो हात कुणाचा आहे हे लिहिताना माझ्या मनात नव्हतं. वाचणाऱ्यांच्या मनात दुसरं काही आलं नाही.

आणि पाठवताना शेवटी एक ओळ घातली, की माझं नाव कुठे सांगू नये, बाबांना वाईट वाटेल.

त्या रविवारी फोनवर मी म्हणाले, "बाबा, असं कोण लिहील?" हे शब्द माझ्याच तोंडून आले. ते म्हणाले, "तेच तर." पुढच्या रविवारी ते म्हणाले, "रघूच." त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी शिंत्रेकाकांचा चहा बंद केला होता.

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर बाबा वही घेऊन झोपाळ्यावर बसले. "आज पहिला शुक्रवार. ये, तू ऐक."

"आता कशाला, बाबा? याद्याच नाहीत कुठे."

"वहीत आहेत."

दर महिन्याला ते घरी बसून वाचत होते, हे मला त्या दिवशी कळलं. समोर मशीन नाही, ऐकणारं कुणी नाही. चष्मा लावून ते वाचू लागले. दवाखान्याची खिडकी, औषधांचं दुकान, अपघात विभाग, क्ष-किरण. नाव, मग नंबर. मी "हाय" म्हणत गेले. माझ्या "हाय"ला काही अर्थ नव्हता, कारण मी काहीच लावून बघत नव्हते. 'रघू'पाशी ते क्षणभर थांबले, मग तो नंबरही त्यांनी नीट वाचला.

"हाय," मी म्हणाले.

"तुमच्या कंपनीत असतात का अशा याद्या?" त्यांनी एकदम विचारलं.

"नसतात," मी म्हणाले. मग म्हणाले, "म्हणजे थोड्या असतात."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. आमच्या प्रत्येक सर्व्हरवर पंधरा-वीस अत्यंत गरजेच्या नावांची यादी असायचीच, बाहेरचं सगळं बंद पडलं तरी निदान तेवढं चालावं म्हणून. ते मी अहवालात लिहिलं नव्हतं. मला वाटलं, त्यांना कळलंय. मला वाटलं, हा प्रश्न त्यांनी आठ महिने सांभाळून ठेवलाय. पण ते एवढंच म्हणाले, "बघ की. तुमच्याकडेसुद्धा."

सांगायचं असतं तर तेव्हा सांगायला हवं होतं. झोपाळा हलत होता, आई आत भांडी लावत होती, घाई कसलीच नव्हती. मी पेन उचललं.

"ऐकणाऱ्याच्या रकान्यात सही करू?"

बाबांनी वही किंचित मागे घेतली. "नको. ती त्याची जागा आहे." थोड्या वेळानं म्हणाले, "लबाड असला तरी."

मी पेन खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता आंघोळ करून बाहेर येताना ते न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी बसले. आधी घाम आला. मग त्यांनी डावा हात उजव्या हातानं धरला. रिक्षा मिळाली. सव्वाआठला आम्ही अपघात विभागात होतो. सिस्टर लोबोंनी बाबांना पाहिलं आणि नोंदणीचा कागद भरायच्या आधी ऑक्सिजनची नळी लावली.

डॉ. कुरणे माझ्यापेक्षा लहान असाव्यात. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली आणि ती हातात धरून त्या स्क्रीनपाशी गेल्या. बाबांची दोन वर्षांपूर्वीची पट्टी त्यांना ताडून बघायची होती. रक्त वर प्रयोगशाळेत गेलं होतं, त्याचा रिपोर्टही स्क्रीनवरच येणार होता.

स्क्रीनवर एक ओळ होती, की या नावाचं मशीन सापडत नाही.

"पहाटेपासून असंच आहे," सिस्टर म्हणाल्या. "घाटात रस्ता रुंद करतायत. केबल तोडली."

"प्रयोगशाळेला फोन लावा."

"फोनपण त्याच्यावरच ना, मॅडम."

प्रयोगशाळा आमच्या डोक्यावर होती. दोन मजले वर. दोन्ही मशीनांच्या मधली वायर भिंतीतून धड खाली आलेली होती, तिला काहीही झालेलं नव्हतं. वरच्या मशीनचा नंबर खालच्या मशीनला पुण्याला विचारायचा होता. मी या कामात नऊ वर्षं होते. स्क्रीनवरची ती ओळ मी शेकडो वेळा पाहिली होती. कधी तिच्यापुढे माणूस झोपलेला नव्हता.

आई मला म्हणाली, "तुला येतं ना हे? कर की काहीतरी."

एक ओळ लिहायची होती. नाव आणि नंबर. नंबर मला आदल्या दिवशीच वाचून दाखवला होता आणि मी "हाय" म्हटलं होतं. तो मला आठवेना. शिवाय कंपनीनं कुलूप घातलं होतं, तिथल्या कुणालाच त्या यादीला हात लावता येत नव्हता. तसं करावं, हेसुद्धा माझ्या दोन पानांत होतं.

किती वेळ गेला ते मी नंतर पुष्कळदा मोजलं. कधी वीस मिनिटं येतात, कधी पंचवीस. मग जिन्यावर पावलं वाजली, एक पाय टेकत, दुसरा ओढत. शिंत्रेकाका हातात कागद घेऊन आले. खालून कागद न्यायला कुणी येईना म्हणून ते स्वतः निघाले होते. कागदावर फक्त नोंदणीचा आकडा होता, तो कुणाचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरांच्या हातात कागद देऊन त्यांनी पलंगाकडे पाहिलं.

"मनोहर," ते म्हणाले.

बाबांनी डोळे उघडले. आठ महिन्यांनी दोघं समोरासमोर होते.

"लाईन गेलीय?" बाबांनी विचारलं.

"पहाटेच."

"म्हणून चढून आलास होय गुडघ्याचं घेऊन?"

"उतरून आलो. लॅब वर आहे. विसरलास का एवढ्यात?"

बाबांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. डॉक्टर कागद वाचत होत्या, कुणालातरी कोल्हापूरची गाडी काढायला सांगत होत्या. बाबांनी हात हलवला. काका वाकले.

"का केलंस रे, रघू?"

काकांनी मान वर केली. पलंगाच्या पायथ्याशी मी उभी होते, माझ्या शेजारी आई. काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं लांबलं नाही, पण त्यात सगळं होतं. त्यांना ठाऊक होतं. मला बोलायला त्यांनी एक क्षण मोकळा सोडला, असं मला आजही वाटतं. मी बाबांच्या पायावरची चादर सारखी केली.

"चुकलं माझं, मनोहर," काका म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले. आणि काकांचा हात त्यांनी सोडला नाही. गाडी दारात येऊन लागेपर्यंत सोडला नाही. मग त्यांचा हातच सैल झाला. गाडीची गरज उरली नाही.

डॉ. कुरणे नंतर मला म्हणाल्या, "मिनिटं मोजू नका. मोठा झटका होता. रिपोर्ट लगेच आला असता तरी फार फरक पडला नसता." मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. 'फार' हा शब्द त्यांनी सवयीनं वापरला की जाणून, हे मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

कागदपत्रं होईपर्यंत मी बाहेरच्या बाकावर बसले. थोड्या वेळानं काका शेजारी येऊन बसले. छत्री त्यांच्या हातात होती, ती त्यांनी वरून कधी आणली कोण जाणे.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"मार्चमध्येच. शब्द समजावून सांगायला त्यांनी मलापण बोलावलं होतं. पत्र माझ्या हातात दिलं. 'हातानं लिहिलेलं तेवढं चुकतं.' दिवाळीत माझ्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली होतीस की."

"मग बाबांना का नाही सांगितलंत?"

ते छत्रीची मूठ बघत राहिले. "माझ्याशी नाही बोलला तर त्याचं भागतंय. तुझा रविवारचा फोन उशिरा आला तर हा जेवत नाही." बाबा आत पांघरुणाखाली होते आणि काका असं बोलत होते. "आणि तू लिहिलंस ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. यादी चुकते हे लिहिलंस. ती चुकू नये म्हणून दोन म्हातारे काय करतात, ते राहिलं तुझं लिहायचं."

"मी आज सांगते आईला."

"आज नको," ते म्हणाले. "आणि उद्यापण कशाला? मिटलं ते. त्याच्यापुढे मिटलंय."

मी ऐकलं. ते मोठे होते म्हणून ऐकलं, असं मी तेव्हा समजले.

तेराव्या दिवशी जेवणं आटोपल्यावर मावशी आणि शेजारच्या दोघी ओसरीवर बसल्या होत्या. फाटक वाजलं. शिंत्रेकाका आत आले, पायरीपाशी थांबले. त्या तेरा दिवसांत ते आले नव्हते, आणि ते का येत नाहीत हे सगळ्या गावाला ठाऊक झालं होतं. आईनंच सांगितलं होतं. अपघात विभागातलं तिनंही ऐकलं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "ट्रस्टनं पाठवलंय. त्या दिवशी जे झालं त्यानंतर याद्या परत घालायच्या ठरल्यात. सगळ्या मशीनवर. पुण्याच्या मशीनखेरीज नंबर कुठेच लिहिलेले नाहीत, आणि ते कुणी ताडून बघितलेले नाहीत. मनोहरची वही पाहिजे होती."

आई उठली नाही. एरवी ती त्यांना भावजी म्हणायची.

"शिंत्रे, तुम्ही ती वही मागायला आलात?"

"रुग्णालयासाठी मागतोय."

"ज्या माणसानं ह्यांच्यावर चोरीचा आळ आणला, त्याच्या हातात मी ह्यांची वही देऊ? ह्यांनी माफ केलं असेल. जाताना माणूस सगळ्यांनाच माफ करतो. मी अजून इथेच आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "आठ महिने हा माणूस ह्याच ओसरीवर बसून एकच विचारत होता, वाचणारा मी, ऐकणारा तो, मग तिसरा कोण. आणि तुम्ही रोज फाटकावरून बघून जात होतात."

मावशी म्हणाल्या, "जाऊ दे गं. आजच्या दिवशी."

काका "बरं," म्हणाले आणि वळले.

मी आत गेले. वही झोपाळ्याशेजारच्या फडताळात होती. मी ती उघडली ती कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत दर महिन्याचं पान होतं. वाचणाऱ्याच्या रकान्यात बाबांच्या सह्या. ऐकणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी दर महिन्याला पेन्सिलीनं एक फुली मारून ठेवली होती, सही कुठे करायची ते दाखवायला मारतात तशी. नऊ फुल्या होत्या. सही एकीवरही नव्हती.

मी वही घेऊन बाहेर आले. काका फाटकापर्यंत पोचले होते.

"काका, थांबा."

त्यांनी वळून माझ्या हातातली वही पाहिली आणि मग माझा चेहरा. त्यांनी मान हलवली, नको म्हणून, कुणाला दिसेल न दिसेल इतकीच.

"वृंदा, आत ठेव ती," आई म्हणाली.

"आई, ते पत्र काकांनी लिहिलेलं नाही." ओसरीवरच्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि झोपाळा रिकामा होता, तरी मी त्याच्याकडे बघून बोलले. "बाबा वाचायचे, काका ऐकायचे. तिसरी मी होते."